कळवतो

आमच्या घराण्यात लवकर अर्ज केल्यामुळे कुणाला काही मिळाल्याची नोंद नाही. तीर्थरूप पहाटे चारला उठून रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीपुढे उभे राहत आणि त्यांचा नंबर आला की खिडकी चहाला जाई. मी स्वतः स्कूटरसाठी इतक्या लवकर नाव नोंदवलं होतं, की ती दारात आली तेव्हा किक मारण्याची ताकद माझ्या पायात उरली नव्हती. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरात, न्यू जर्सीत एडिसनला लेकीकडे आम्ही उभयतां मुक्कामाला असताना, जावईबापूंनी जेवताजेवता "बाबा, यंदा आम्ही चिऊचं अर्ली टाकतोय" असं जाहीर केलं, तेव्हा पहिल्यांदा मला ते कपडे धुवायच्या यंत्राबद्दल बोलताहेत असं वाटलं, आणि खुलासा झाल्यावर पोटात गोळा आला.

चिऊ म्हणजे आमची नात. वय सतरा, यत्ता बारावी. "आजोबा, मला भूक आहे" असं मराठी बोलते, पण बोलते. तिला कॉलेजात घालायचं होतं. आमच्या वेळी कॉलेजात घालणं म्हणजे निकालाचा कागद घेऊन बापाबरोबर ऑफिसात जायचं, बापानं खिशातून पैसे मोजून द्यायचे आणि कारकुनानं ते पुन्हा मोजून घ्यायचे. तिकडे तसं नाही. तिकडच्या नामांकित विद्यापीठांना साधारण १ जानेवारीपर्यंत अर्ज करायचा आणि मार्चअखेर उत्तराची वाट पाहायची. हा झाला राजरस्ता. पण शेजारी एक छोटं दारही असतं. तिथे १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज दिला, तर डिसेंबरच्या मध्यावरच निकाल कळतो. हेच ते अर्ली.

त्यातही दोन घराणी. एक 'अर्ली ॲक्शन'. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचा रिवाज असा, की आमच्याकडे लवकर आलात तर त्याच वेळी दुसऱ्या खाजगी विद्यापीठाच्या दारात लवकर उभं राहायचं नाही. मात्र आम्ही हो म्हटलं तरी तुम्ही १ मेपर्यंत विचार करायला मोकळे. दुसरं घराणं 'अर्ली डिसिजन'. ब्राऊन, कॉर्नेल, कोलंबिया ही मंडळी या पंथातली. इथे त्यांनी हो म्हटलं की संपलं. बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे आणि तिथेच नांदायचं. पैशांची मदत अगदीच अपुरी पडली तर तेवढी सुटका. तसा करारच असतो, आणि त्यावर विद्यार्थ्याची, पालकाची आणि शाळेतल्या सल्लागाराची, अशा तीन सह्या लागतात.

मी हे सगळं दोनदा समजावून घेतलं. आमच्या हिला एकदाच पुरलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे सुपारी फुटली म्हणायची. मुलगी, आईबाप आणि भटजी."

जावईबापू संगणकवाले. त्यांनी एक तक्ताच बनवला होता. हार्वर्डकडे २०२२ साली लवकर अर्ज आले ९,५५३, घेतले ७२२. म्हणजे साडेसात टक्के. आणि वर्षभराचा एकूण हिशेब काढला तर साडेतीन टक्केसुद्धा नाहीत! ब्राऊनकडे लवकर आले ६,७७०, घेतले ८७९. तेरा टक्के, एकूण मात्र पाचच्या आसपास. "बघा बाबा, दुपटीपेक्षा जास्त चान्स. अर्ली न टाकणं म्हणजे वेडेपणा आहे."

आता मी चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. टक्केवारी माझ्यासमोर कुणी अशी उघड्यावर टाकली की मला राहवत नाही. म्हटलं, जावईबापू, आमच्या शाळेत सकाळी सहाला जादा तास असे. त्याला येणारी मुलं हटकून पास होत. यावरून आमच्या हेडमास्तरांनी असा निष्कर्ष काढला, की सहाला उठल्यानं गणित येतं, आणि पुढच्या वर्षी अख्खा वर्ग सहाला बोलावला. अख्खा वर्ग सहाला झोपला. तुमच्या त्या साडेसात टक्क्यांत कोण कोण आहे ते बघा. ज्यांना तिथल्या खेळांच्या प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलंय ते धावपटू आणि वल्हेवाले बहुतेक त्यातच. ज्यांचे आईबाप त्याच कॉलेजात शिकले, तीही मुलं त्यातच गर्दी करणार. ज्यांची तयारी सप्टेंबरातच पूर्ण झाली, ती तर आहेतच. हे सगळे वजा करा आणि मग आपल्या चिऊच्या वाट्याला काय उरतं ते सांगा.

जावईबापू गप्प झाले. माझा विजय चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी त्यांनी वाचनालयातून एक पुस्तक आणून माझ्या उशाशी ठेवलं. 'द अर्ली ॲडमिशन्स गेम', २००३ सालचं. ॲव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या तिघांनी हजारो अर्ज तपासून हीच वजाबाकी केली होती, आणि ती करूनही लवकर येणाऱ्याला फायदा उरतच होता. सोळाशे गुणांच्या त्या एस.ए.टी. परीक्षेत शंभर गुण जास्त मिळाल्याइतका! नुसता लवकर आला म्हणून शंभर गुण! मी विद्यार्थ्यांना लवकर पेपर दिल्याबद्दल कधी अर्धा गुणही दिला नाही, उलट संशयानं पाहिलं.

पण विद्यापीठं असं का करतात याचा विचार करत पडलो, तेव्हा मला पंगत दिसली. कार्यमालकाची खरी चिंता कुठली? किती पानं मांडायची. आमंत्रणं दोनशे द्यावीत तर दीडशे येतील की अडीचशे, याचा थांग लागत नाही. तिकडचा एकेक विद्यार्थी वीसवीस ठिकाणी अर्ज करतो. त्याला बोलावलं तरी तो येईलच असं नाही. जो आधीच 'मी तुमच्याकडेच जेवणार' असं सही करून देतो, त्याचं पान निर्धास्त मांडता येतं. त्याला श्रीखंडही जरा सढळ हातानं वाढलं जातं. अडचण एवढीच, की असं लिहून देणं ज्याला कुठे काय दक्षिणा मिळते याची चौकशी करावी लागत नाही, त्यालाच परवडतं. गरिबाला चार घरची मदत ताडून पाहावी लागते, आणि इथे तर एकाच घरी जेवायचं. याची टोचणी त्यांनाही लागली असावी. २००६ साली हार्वर्ड आणि प्रिन्स्टननं हे लवकरचं दार बंद करायचं ठरवलं. पण बाकीच्यांनी बहुतेक पान सोडलं नाही. चार वर्षं उपास करून २०११ साली दोघंही निमूटपणे पुन्हा पंगतीत येऊन बसले. स्टॅनफर्डनं २०१८ साली वेगळीच तोड काढली. आपले टक्केच जाहीर करायचे नाहीत असं ठरवलं. (२०२४ च्या डिसेंबरात हार्वर्डनंही तसंच केलं. निकाल वाईट लागला की आमच्याकडेही प्रगतिपुस्तक हरवत असे.)

चिऊचा अर्ज अर्ली डिसिजनमध्येच गेला. कुठे ते सांगत नाही. धाकटा नातू अजून व्हायचाय. शेवटचा आठवडा घरात सुतक असल्यासारखा गेला. साडेसहाशे शब्दांचा एक निबंध ती सहा आठवडे लिहीत होती. विषय काय, तर 'मी'. एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर पोरगी स्वयंपाकघरात अंधारात बसलेली. मला म्हणाली, "आजोबा, मी तेरातली का सत्त्याऐंशीतली?"

टक्केवारी मी हजारो मुलांना शिकवली असेल. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिला दूध गरम करून दिलं.

डिसेंबरच्या मध्यावर, एका संध्याकाळी, निकाल लागला. हिनं देवापुढे निरांजन लावलं होतं, लेकीनं सुट्टी घेतली होती, जावईबापू उगाच चष्मा पुसत होते. चिऊनं पडदा उघडला, वाचला आणि हळूच मिटला. हो नाही. नाहीही नाही. 'डिफर्ड.' म्हणजे अर्ज राजरस्त्यावरच्या गर्दीत ढकलला. मार्चअखेर बाकीच्यांबरोबर पुन्हा बघू. करारातून मात्र मोकळीक, आता दुसरीकडे खुशाल जा.

घरात कुणी बोलेना. तेवढ्यात ही म्हणाली, "अगं, म्हणजे 'कळवतो'!"

चिऊनं विचारलं, "कळवतो म्हणजे?"

आणि मग आमच्या हिनं, एकावन्न वर्षांच्या संसारात माझ्यापाशी एका शब्दानं न काढलेली हकिकत, माझ्यादेखत, नातीला सांगितली.

मी मिरजेला हिला पाहायला गेलो तो १९७१ चा डिसेंबर. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि सासऱ्यांचं कार्ड आलं: देशावर संकट आहे, ते टळल्यावर कळवतो. मला त्या गृहस्थांच्या देशभक्तीचं भारी कौतुक वाटलं. होकार आला तो १९७२ च्या मार्चअखेर. या उशिराबद्दल मी अर्धशतक पाकिस्तानला दोष देत आलो. युद्ध तेरा दिवसांत संपलं, १६ डिसेंबरलाच संपलं, मग मार्च कसा उजाडला, ही वजाबाकी गणिताच्या मास्तराला एकदाही सुचली नाही.

"युद्ध कसलं!" ही म्हणाली. "कऱ्हाडचा एक बँकेतला मुलगा होता. बँका नुकत्या सरकारी झालेल्या, बँकवाल्यांना केवढा भाव! दादांनी तिकडे आधीच शब्द टाकला होता. हे मास्तर हातचे म्हणून ठेवलेले."

"मग?" चिऊचे डोळे पुसायचे राहिले होते.

"मग यांनी संक्रांतीला पत्र पाठवलं. पाकिटात हलव्याचे चार दाणे. अक्षर अगदी छापल्यासारखं. मी म्हटलं, हा माणूस बरा दिसतोय. तिकडे बँकवाल्यांनी स्कूटर मागितली, आणि दादांनी यांना कळवलं."

ते पत्र मी आईच्या धाकानं लिहिलं होतं. "तिळगूळ पाठव, बिघडत नाही काही," एवढंच ती म्हणाली होती. जावईबापूंना मात्र एकदम स्फुरण चढलं. डिफर्ड झालेल्यांनी जानेवारीत विद्यापीठाला एक पत्र लिहायचं असतं म्हणे, मला अजून तुमच्याकडेच यायचंय असं. चिऊनं ते लिहिलं. ओक ट्री रोडवर हलवा मिळतो, तोही तिनं आणला. पण पत्र संगणकावरून जायचं असल्यामुळे हलवा आम्हीच खाल्ला.

मार्चअखेर आम्ही घरी परतलो होतो. रात्री उशिरा चिऊचा फोन आला. तिथून नकार आला होता. शंभरात कितीजणांना येतो ते तिनंच मला सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. ती रटगर्सला गेली, न्यू ब्रन्सविकला, एडिसनहून गाडीनं पुढचंच स्टेशन. मजेत आहे. रविवारी धुणं घेऊन घरी येते.

माझ्या डोक्यातून मात्र ती स्कूटर जाईना. परवा संध्याकाळी ही ओट्याशी तांदूळ धूत होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, त्या कऱ्हाडकरांनी स्कूटर मागितलीच नसती, तर?"

हिनं पाणी ओतून टाकलं, कुकरचं झाकण लावलं, शिट्टी बसवली आणि वळूनही न बघता म्हणाली,

"कळवते."