नीरा ते वारणा, सायकलवरून

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की नवले पुलापासून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत रस्ता सतत चढतो. गाडीत बसलेल्याला तो चढ जाणवतही नाही. सायकलस्वाराला मात्र पहिल्याच अर्ध्या तासात तो आजच्या दिवसाची कल्पना देऊन टाकतो. डिसेंबरातली पहाट होती. सहाला वारज्याहून निघताना बोटं गारठली होती आणि बोगद्याच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत पाठीवरून घाम वाहू लागला होता. पुढेमागे तीसेक सायकली, प्रत्येकीला मागे लाल दिवा, प्रत्येकाच्या अंगावर चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या किणी टोलनाक्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. अंतर ४०० किलोमीटर, मुदत २७ तास.

आम्ही चौघं होतो. दातांचे डॉक्टर, बँकेत नोकरी करणाऱ्या ताई, मी आणि काका. काका एसटीतून निवृत्त झालेले. पुणे–कोल्हापूर गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. हा रस्ता दुपदरी होता तेव्हापासून त्यांच्या ओळखीचा. निघण्याआधी चहा पिताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली, “चौघं निघालोय, चौघं परत यायचं. ज्याला हळू जायचं असेल त्यानं हळू जावं, बाकीचे थांबतील.” डॉक्टर आमच्यात सर्वांत वेगवान. त्यांनीच आधी मान डोलावली.

या प्रकाराला बीआरएम म्हणतात. याची मुळं फ्रान्समध्ये आहेत. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही १२०० किलोमीटरची सायकलफेरी १८९१ साली सुरू झाली ती शर्यत म्हणून. आज ती दर चार वर्षांनी होते, ९० तासांत पुरी करायची असते आणि तिच्यात पहिला-दुसरा क्रमांक लागत नाही. १९०४ मध्ये स्थापन झालेला ऑडॅक्स क्लब पारिसियाँ जगभरच्या बीआरएमची नोंद ठेवतो. आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया रँदोनर्स ही संस्था हे काम पाहते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. ही चारही अंतरं एका हंगामात पुरी केली की सुपर रँदोनर हा किताब मिळतो. वाटेत ठरावीक ठिकाणी कंट्रोल असतात. तिथे वेळेच्या आत पोहोचून कार्डावर सही-शिक्का घ्यायचा. कंट्रोल सोडून इतरत्र बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. घरच्या गाडीनं मागून येऊन पाणी दिलं तरी ते नियमात बसत नाही. सोबतच्या स्वारांनी एकमेकांना मदत केलेली मात्र चालते. या खेळाचं सारं मर्म मला या एका नियमात दिसतं.

खेड शिवापूर, नसरापूर फाटा, कापूरहोळ अशी गावं उजाडता उजाडता मागे पडली. शिरवळच्या अलीकडे नीरेचा पूल लागतो. इथे पुणे जिल्हा संपतो आणि सातारा सुरू होतो. शिरवळला कांदेपोहे खाऊन खंडाळ्याकडे निघालो, तो खंबाटकी समोर उभा. तेव्हा साताऱ्याकडे जाणारी वाहतूक घाटातून जात होती आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून. चढावर मालट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत होते. त्यांच्यातला आणि आमच्यातला वेगाचा फरक इतका थोडा होता की एका ट्रकचा क्लीनर बराच वेळ आमच्या बरोबरीनं, खिडकीतून काकांशी गप्पा मारत वर आला. काकांनी त्याला वय सांगितलं तेव्हा त्यानं दोन्ही हात जोडले.

घाटमाथ्यावर दम घ्यायला थांबलो. काकांनी मागे हात केला, “हे पाणी नीरेला जातं, नीरेतून भीमेला. आणि पुढं दिसतं ते सगळं कृष्णेचं.” नकाशात पाहिलेली पाणलोटाची रेघ पायांखाली होती. पुढे तर नद्यांची रांगच लागली. भुईंजला खुद्द कृष्णा, साताऱ्याजवळ वेण्णा, मग उरमोडी, उंब्रजला तारळी, कऱ्हाडला कोयना आणि शेवटी वारणा. नीरा आणि भीमा दूरच्या वळणानं का होईना, शेवटी कृष्णेलाच मिळतात. म्हणजे दिवसभर आम्ही एकाच नदीचा गोतावळा ओलांडत होतो. गाडीतून हे पूल चार सेकंदांत सरतात. सायकलवर प्रत्येक पुलाआधी उतार आणि पुलानंतर चढ असतो, त्यामुळे नदीनं जमीन किती कोरली आहे ते मांड्यांना कळतं.

घाट उतरून सुरूर फाटा ओलांडला आणि दोन्ही बाजूंना किल्ले दिसू लागले. डाव्या हाताला चंदन-वंदनची जोडी, उजवीकडे वैराटगड. साताऱ्याच्या कंट्रोलवर अजिंक्यतारा समोर ठेवून दहीभात खाल्ला. कार्डावर सही करणारा तरुण स्वतः रँदोनर होता. आपल्या राइडचा रविवार सोडून तो दुसऱ्यांसाठी दिवसरात्र खुर्ची टाकून बसला होता, एक पैसा न घेता. अशी माणसं आहेत म्हणून बीआरएम चालतात.

शेंद्र्यापासून पुढे महामार्गाच्या सहापदरीकरणाचं काम सुरू होतं. पाचशे मीटर चांगला रस्ता, मग वळवलेला कच्चा रस्ता, खडी, धूळ, परत चांगला रस्ता. नागठाणे, अतीत, काशीळ हे गाव-फाटे ओळीनं आले. तळबीडजवळ उजव्या अंगाला वसंतगड दिसला. तळबीड म्हणजे सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचं गाव. काकांनी चालत्या सायकलवरून गावाच्या दिशेनं हात जोडले. कऱ्हाड ओलांडलं की मुलूख बदलतो. दोन्हीकडे ऊस, हवेत मळीचा आंबूस वास आणि कुठे कुठे गुऱ्हाळाचा धूर. वाठार, कासेगाव, नेर्ले, पेठ नाका, कामेरी करत वारणेच्या पुलावर पोहोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. नदी ओलांडली की कोल्हापूर जिल्हा. किणीच्या कंट्रोलवर शिक्का पडला. निम्मं अंतर झालं होतं आणि अर्ध्याहून जास्त वेळ हाताशी होता.

खरी परीक्षा अंधार पडल्यावर सुरू झाली. गाळपाचा हंगाम होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर उसाचे भारे घेऊन कारखान्याकडे चालले होते. टेपवर गाणं एवढं मोठं की मागून कुणी ओरडलं तरी ऐकू जाऊ नये, आणि ट्रॉलीच्या मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. कामेरीच्या पुढे समोरचा काळोख एका जागी अधिक दाट दिसला म्हणून काकांनी हात वर केला. आम्ही वेग कमी केला आणि दहा फुटांवर उसाची वाढी लोंबताना दिसली. काकांनी सायकल पुढे नेऊन ट्रॅक्टर थांबवला. चालवणारा विशीतला मुलगा, बीडकडून टोळीबरोबर आलेला. काका त्याच्यावर रागावले नाहीत. “बाळा, मागून येणाऱ्याला तू दिसत नाहीस. त्याचाही जीव जाईल आणि तूही आयुष्यभर अडकशील,” एवढंच म्हणाले. ताईंच्या पिशवीत लाल चमकत्या टेपचं रीळ होतं. त्यांनी टोकदार वाढ्यांतून हात घालून ट्रॉलीच्या फळकुटावर टेपच्या दोन आडव्या पट्ट्या चिकटवल्या. मुलानं उतरून, मागे जाऊन, आमच्या बॅटरीच्या उजेडात त्या पाहिल्या आणि उरलेलं रीळ मागून घेतलं. रीळभर टेपला असा कितीसा खर्च येतो? साखर कारखान्यांनी हंगामाच्या पहिल्या दिवशीच प्रत्येक ट्रॉलीला अशा पट्ट्या सक्तीनं लावाव्यात. त्या दोन पट्ट्यांनी कुणाचा तरी बाप, कुणाची तरी बहीण घरी सुखरूप पोहोचेल.

कऱ्हाडला भाकरी-पिठलं खाऊन निघालो आणि उंब्रजच्या अलीकडे डॉक्टरांच्या मागच्या चाकातली हवा गेली. ट्यूब बदलली, तर दहा मिनिटांत चाक पुन्हा बसलं. ट्रकचा टायर फुटला की त्याच्या आतल्या पोलादी तारा रस्त्यावर विखुरतात. केसाइतक्या बारीक. त्यातली एखादी सायकलच्या टायरमध्ये रुतून बसते आणि नव्या ट्यूबलाही भोक पाडते. बोटांना ती लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही. ताईंनी प्रथमोपचाराच्या पाकिटातून कापूस काढला, त्याचा सैल बोळा केला आणि टायरच्या आतून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. काका उजेड धरून उभे. मी वीस पावलं मागे जाऊन येणाऱ्या ट्रकना दिसावं म्हणून बॅटरी हलवत होतो. एका ठिकाणी कापसाचे चार धागे अडकले. “इथं,” ताई म्हणाल्या. डॉक्टरांनी चिमट्यानं तार ओढून काढली आणि तळहातावर घेऊन आम्हाला दाखवली. दोन मिलिमीटरही नसेल. या खटाटोपात पाऊण तास गेला. साताऱ्याचं परतीचं कंट्रोल रात्री दोनला बंद होणार होतं. आमच्या मागून आलेले दोन अनोळखी स्वार थांबले, न विचारता आपली एक जादा ट्यूब देऊन गेले आणि “पुण्यात भेटू” म्हणाले.

उंब्रजपासून साताऱ्यापर्यंत उत्तरेचा गार वारा थेट छातीवर होता. अशा वाऱ्यात पुढचा स्वार हवा कापतो आणि मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. आम्ही पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या लावल्या. काकांची पाळी आली की डॉक्टर काही न बोलता तिथेच पुढे राहायचे. दोनदा काकांनी हे खपवून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाले, “डॉक्टर, माझी पाळी मला द्या.” आणि पुढे जाऊन त्यांनी एकसारख्या चालीनं पाच मिनिटं आम्हा तिघांना ओढलं. साताऱ्यात एक वाजून गेल्यावर पोहोचलो, वेळेत.

पहाटे दोन ते चार हा काळ रँदोनरला सर्वांत जड जातो. पाय चालतात पण डोळे मिटतात. पाचवडजवळच्या एका ढाब्यावर मालकानं बाजा दिल्या, घोंगड्या दिल्या. एकजण जागा राहील आणि तिघं वीस मिनिटं झोपतील असं ठरलं. जागं राहायचं काम ताईंनी मागून घेतलं. उठलो तेव्हा चहा समोर होता. मालकानं झोपेचे पैसे घेतले नाहीत, फक्त चहाचे घेतले. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना चौघांनी दिवे तपासले, एका ओळीत आलो आणि बाहेर पडल्यावर त्या बदनाम एस-वळणावर ब्रेक धरून उतरलो.

उजाडलं ते खेड शिवापूरच्या आसपास. कात्रजच्या बोगद्यानंतर नवले पुलाकडे जो उतार आहे, तिथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी किती घरं उद्ध्वस्त केली आहेत ते पुणेकरांना सांगायला नको. ३९० किलोमीटरनंतर हा उतार मोकळ्या चाकानं सोडावासा वाटतो. काकांनी आम्हाला सेवारस्त्यावर घेतलं आणि सगळा उतार आम्ही सावकाश, अंतर ठेवून उतरलो. वारज्याला पोहोचलो तेव्हा मुदत संपायला तासाहून जास्त वेळ होता. चारही कार्डांवर एकच वेळ लिहिली गेली. ते दोन अनोळखी स्वार आमच्याआधी येऊन थांबले होते. डॉक्टरांनी त्यांना नवी ट्यूब आणून द्यायचं कबूल केलं आणि त्याच आठवड्यात दिलीही.

डॉक्टर एकटे असते तर चार तास आधी पोहोचले असते. पण त्या वेळी कापूस फिरवायला ताई नसत्या आणि काळोखातली ट्रॉली ओळखायला काका नसते. लांबचा पल्ला वेगावर निघतो हा समज मी त्या रात्री कायमचा सोडून दिला. तो सोबतीवर निघतो.

तुम्हाला सायकल चालवायची आवड असेल तर २०० किलोमीटरच्या बीआरएमपासून सुरुवात करा. त्यासाठी महागडी सायकल लागत नाही. हेल्मेट, पुढेमागे चांगले दिवे, चमकतं जॅकेट, दोन जादा ट्यूब, पंप आणि थोडा कापूस एवढं जवळ असू द्या. तीन-चार महिने नेमानं चालवा, आणि नाव नोंदवताना एकट्याचं नोंदवू नका.