सिंधुपाल्चोकचा निरोप

सरकारी कारकुनास निरोपसमारंभांचे अप्रूप ते काय! आमच्या कचेरीत दर महिनाअखेर कोणी ना कोणी सेवानिवृत्त होतो. शाल, श्रीफळ, दोन सामोसे आणि साहेबांचे भाषण एवढ्यात पस्तीस वर्षांचा हिशेब मिटतो. परंतु परमुलखी जोडलेल्या तीन आठवड्यांच्या सोबत्यांचा निरोप घेताना आमच्या तोंडून शब्द फुटेना, त्याची ही हकीकत.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे गेली. सर्वांत अधिक बळी एकट्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यात पडले. त्या दिवशी शनिवार, म्हणजे तिकडची साप्ताहिक सुट्टी होती, म्हणून शाळा कोसळल्या तरी मुले वर्गांत नव्हती. अशाच एका डोंगरगावच्या शाळेचे दगड उपसावयास आम्ही त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अर्जित रजा घेऊन गेलो. मातीत बसविलेल्या दगडांच्या त्या भिंती पाहून किल्लारी आठवली. १९९३ साली तेथेही अशाच जड भिंतींनी झोपेतल्या माणसांवर घाला घातला होता.

सोबतीस एक जर्मन सुतार, एक जपानी परिचारिका आणि काठमांडूचे काही विद्यार्थी होते. धड दगड निवडून ठेवावयाचा, फुटका डोकोत, म्हणजे बांबूच्या टोपलीत, भरून न्यावयाचा. टोपली पाठीवर, पण तिचा भार नाम्लो नावाच्या पट्ट्याने कपाळावर पेलावयाचा. ही विद्या आम्हांस अखेरपर्यंत साधली नाही. वाचकांनी हसू नये. फायलींचे ओझे निराळ्या जातीचे असते.

त्याच दिवसांत तराईतील मधेसी आंदोलनामुळे आणि नव्या राज्यघटनेच्या वादामुळे सीमेवरची मालवाहतूक ठप्प झाली होती. नेपाळ म्हणे, ही भारताची नाकेबंदी. भारत म्हणे, आंदोलनामुळे मालमोटारी अडल्या. गॅस मिळेना, पेट्रोल मिळेना, बसच्या टपावर माणसे दाटीने बसत. आणि त्या तुकडीत भारतीय असे आम्ही एकटे, त्यातून केंद्र सरकारचे नोकर! एका विद्यार्थ्याने सरळच विचारले, "दाइ, आमच्या चुली तुम्ही का विझवल्या?" उत्तर देण्याइतके आमचे पद मोठे नव्हते, आणि गप्प राहणेही बरे वाटेना. शेवटी गप्पच राहिलो. त्यानंतर तो शेजारी उभा राहून दगड उचली, बोलत मात्र नसे.

अखेरच्या रात्री लाकडांवर दालभात शिजला. सकाळी गावातल्या म्हातारीने तांदूळ, दही आणि अबीर कालवून प्रत्येकाच्या कपाळी टीका लावला. (तेथला अबीर तांबडा असतो.) सुतार मोकळेपणी रडला. परिचारिका कमरेत वाकली, ती बराच वेळ तशीच. आम्ही मात्र उगाच पिशवीचे बंद आवळीत बसलो.

डिझेलअभावी बस वरपर्यंत येत नव्हती; दोन तासांची उतरण होती. न बोलणाऱ्या त्या विद्यार्थ्याने आमची वळकटी न विचारता पाठीवर घेतली. वाटभर तो पिकांविषयी, आपल्या बहिणीच्या परीक्षेविषयी बोलत होता. त्या प्रश्नाचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही नाही. बस आली तेव्हा टपावर चढून त्याने वळकटी आपल्याच नाम्लोने बांधली. आम्ही तो सोडू लागलो, तर म्हणाला, "राहू द्या दाइ. पुन्हा याल तेव्हा आणा."

फेब्रुवारी २०१६ मध्ये सीमेवरची वाहतूक पूर्ववत सुरू झाली. नाम्लो अजून आमच्याकडेच आहे.