बिर्याणीशिवाय एक दिवस रानात

सुट्टी लागली की आपल्या घरांत ठरलेलेच बेत निघतात. गावी जायचे, कोणाच्या तरी लग्नाला जायचे, आणि मुलांनी फारच हट्ट धरला तर मॉल नाहीतर वॉटर पार्क. जंगलात, डोंगरावर सहकुटुंब जायचे हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आले तरी घरातले मोठे विचारतात, "तिथे आहे काय बघायला?"

आम्ही मुंब्र्यात राहतो. इथे इमारतीला इमारत चिकटलेली. खिडकी उघडली की समोरच्यांच्या फोडणीचा ठसका आपल्या घरात. पाच मशिदींची अजान ऐकू येते, पण आकाश पाहायचे तर गच्चीवर जावे लागते, आणि गच्चीला कुलूप असते. शाळेत आम्ही सहावीला उर्दू आणि मराठी शिकवतो. एकदा बोलता बोलता वर्गाला विचारले, "जवाल म्हणजे काय?" एका मुलाने चटकन सांगितले, "टीचर, बारा बावीस." उत्तर चुकीचे नव्हते. त्या दिवशीच्या तक्त्यात तेच लिहिले होते. पण सूर्य माथ्यावरून ढळतो, सावली सर्वांत आखूड होऊन पुन्हा वाढू लागते आणि तिथून जोहरची वेळ लागते, हे त्या मुलाने कधी पाहिलेच नव्हते. आपल्या पाचही नमाजांच्या वेळा आकाशावरून ठरतात, आणि आमची मुले त्या मोबाईलवरून शिकतात. नम्ल म्हणजे मुंगी, नहल म्हणजे मधमाशी, अन्कबूत म्हणजे कोळी, हे त्यांना तोंडपाठ असते. मधमाशांचे पोळे मात्र बऱ्याच जणांनी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेले असते.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन एक दिवस कर्नाळ्याला जायचे ठरवले. पनवेलपासून साधारण बारा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच हे पक्षी अभयारण्य आहे. मुंब्र्याहून ठाणे, तिथून पनवेलची लोकल, आणि पुढे पेण-अलिबागकडे जाणारी एसटी. वाहकाला चढण्याआधीच विचारून घ्यावे, प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही. घरातले आम्ही सहा जण: सासूबाई, ज्यांना सगळे अम्मी म्हणतात, मुलांचे अब्बू, तीन मुले आणि आम्ही.

बेत ठरला आणि घरात पहिला प्रश्न आला तो देगचीचा. आपल्याकडची पिकनिक म्हणजे काय असते, हे वाचक भगिनींना वेगळे सांगायला नको. बाईने पहाटे तीनला उठायचे, मटण चढवायचे, तांदूळ भिजवायचे, कांदा तळायचा. मग ती जड देगची, रायता, ताटे, दस्तरखान आणि पाण्याचा कॅन असा सगळा संसार उचलून न्यायचा. पोहोचल्यावर पुरुष आणि मुले फिरायला जातात, बाया सामानाजवळ बसतात. नंतर वाढायचे, खरकटी आवरायची, आणि झोपलेले मूल खांद्यावर घेऊन परत यायचे. घरी आल्यावर देगची घासायची ती वेगळीच. आमच्या मते याला सहल म्हणू नये. स्वयंपाकघराने दुसऱ्या जागी जाऊन केलेले काम आहे ते.

या वेळी देगची घरीच राहिली. शामी कबाब आदल्या रात्री मुलांच्या अब्बूंनी तळले, आणि चांगले तळले. थोरलीने अंडी उकडली, धाकट्याने शेंगदाणे भाजले आणि अर्धे तिथेच खाल्ले. पाव, केळी, खजूर, थर्मासमध्ये चहा. नात्यातल्या एकीला हे कळले तेव्हा ती म्हणाली, "इतक्या लांब जाऊन उकडलेली अंडी खाणार?" आम्ही हो म्हटले.

खरी अडचण अम्मींची होती. वय सत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात. आमचे घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. गेली काही वर्षे त्या खाली उतरतात ते दवाखान्यासाठी, लग्नासाठी किंवा कोणाच्या मय्यतीला. बेत ऐकून म्हणाल्या, "तुम जाओ, मैं घर देखती." घर कुठे पळून जात नव्हते. पण चार मजले उतरायचे आणि संध्याकाळी परत चढायचे, हा हिशोब त्यांनी मनात केला होता. आपल्यापायी बाकीच्यांचा दिवस वाया जाईल, ही भीतीही होती. मुले आपापसात ठरवून मोकळी झाली: प्रत्येक मजल्यावर स्टूल ठेवायचे, अम्मींनी बसत बसत जायचे. शेजाऱ्यांकडून चार स्टुले जमली. अम्मी उतरल्या.

अभयारण्याच्या दारावर प्लास्टिकच्या बाटल्या मोजून घेतल्या आणि त्यांची अनामत ठेवून घेतली. परत आणून दाखवल्या की पैसे परत. हा नियम आम्हाला फार आवडला. आपल्या मंडळींच्या सहलीनंतर एखाद्या तलावाकाठी थर्माकोलच्या ताटांचा जो सडा पडलेला असतो, तो आठवून म्हणतो. तहारतीवर आपण इतके बोलतो, पण ती उंबऱ्याबाहेर कुठे जाते कोण जाणे.

सुरुवातीची वाट तशी सपाट आहे. अम्मी शे-दीडशे पावले चालल्या, बसल्या, पुन्हा चालल्या. एका उंबराखाली थांबून वर पाहिले आणि म्हणाल्या, "ये तो गुलर." आणि मग त्यांचे बालपण सुरू झाले. त्या मराठवाड्यातल्या. लहानपणी उंबर फोडून त्यातले किडे फुंकून उडवायच्या आणि खायच्या, पळसाची पाने टाचून पत्रावळ्या करायच्या, कडुनिंबाच्या काडीने दात घासायच्या. आमच्या लग्नाला वीस वर्षे होऊन गेली; यातले एक वाक्यही आम्ही पूर्वी ऐकले नव्हते. चौथ्या मजल्यावर उंबर नाही, तर उंबराची गोष्ट निघणार कशी?

थोड्या पुढे वाटेवर दोन झाडांच्या मध्ये एक प्रचंड जाळे होते. त्याचे धागे उन्हात पिवळे दिसत होते आणि मधोमध तळहाताएवढी कोळीण होती. पावसाळ्यानंतर आपल्या सह्याद्रीच्या जंगलांत हे मोठे कोळी हमखास दिसतात. धाकटा ओरडला, "अन्कबूत!" त्याने एक धागा काडीने हळूच ओढून पाहिला, तर तो ताणला गेला, तुटला नाही. मग तो आमच्याकडे वळला. कोळ्याचे घर सर्वांत कमकुवत, असे कुरआनमध्ये सांगितले आहे ना, मग हे इतके मजबूत कसे? शिक्षकी पेशात अशा प्रश्नांची वाट पाहण्यात वर्षे जातात. आम्ही उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मागून अम्मी म्हणाल्या, "धागा मजबूत रहेंगा बेटा. पन उस घर में छाँव है क्या? बारिश आई तो आड है क्या?" मुलगा बराच वेळ त्या जाळ्याकडे पाहत राहिला.

मुंग्याही भेटल्या. लाल मुंग्यांनी जिवंत पाने एकमेकांना शिवून झाडावरच घर केले होते. त्यांच्या वाटेला जाऊ नये, कडकडून चावतात. मधमाश्यांबद्दल मात्र खास सांगायला हवे. कर्नाळ्याच्या किल्ल्यावर अंगठ्यासारखा उभा सुळका आहे, त्याच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. मधमाशीला डोंगरांत आणि झाडांवर घर करण्याची प्रेरणा दिली गेली, हे सूरह नहलमध्ये आपण वाचतो. इथे ते डोळ्यांनी दिसते. पण उग्र वासाने, धुराने आणि गोंगाटाने ही माशी चवताळते. तेव्हा अशा ठिकाणी निघताना इत्तर लावू नका. सहलीला जाताना आपले पुरुष कान-मनगटांवर इत्तराची फाया फिरवून निघतात म्हणून मुद्दाम सांगितले. आम्ही किल्ल्यावर गेलो नाही. अम्मींना खाली ठेवून वर जायचे नव्हते, आणि खालीही पाहण्यासारखे पुष्कळ होते.

मुलांना सर्वांत जास्त आवडला तो भृंगराज. काळाभोर, शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला पिसांचे झुबके. उडाला की मागे दोन भुंगे लागले आहेत असे वाटते. हा दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो.

योगायोगाने तो पक्षी सप्ताह होता. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ तारखेला डॉ. सलीम अली यांचा. सलीम अलींचा जन्म १८९६ चा, मुंबईतला. आईवडील लवकर गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीच्या घरात वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ही कोणती चिमणी म्हणून मुलगा चौकशी करत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोहोचला, आणि तिथून त्याचे आयुष्य बदलले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले, ते आजही लोक वापरतात. गिरगावच्या दाट वस्तीत वाढलेला मुसलमान घरातला मुलगा, हे आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो.

कर्नाळ्याहून हाच रस्ता पुढे पेणवरून अलिबागकडे जातो. अलिबागजवळच्या किहीमला सलीम अली १९३० च्या सुमारास राहिले. हाताला नोकरी नव्हती. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती, तिचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. मराठीत या पक्ष्याला सुगरण म्हणतात, म्हणजे नावाने स्वयंपाकात निपुण बाई. प्रत्यक्षात ते लटकणारे सुंदर घरटे विणतो तो नर. मादी येते, पाहते, पसंत पडले तर राहते. जेवताना हे सांगितले तेव्हा मुलांच्या अब्बूंनी शेवटचा कबाब निमूटपणे आमच्या ताटात ठेवला.

आता नमाजचे. आजकाल उघड्यावर नमाज म्हटले की घरातल्या मोठ्यांच्या पोटात गोळा येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. अम्मींनी दोनदा विचारले, "कोई कुछ बोलेगा तो?" मुलांच्या अब्बूंनी तिथल्या वनरक्षकाला विचारले. त्याने वाटेपासून आत असलेली एक मोकळी जागा दाखवली आणि एवढेच म्हणाला, "पानांत काठी आपटून बघा आधी, मग बसा." सापाची काळजी त्याला, आम्हाला भलतीच. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट न अडवता दोघे-दोघे करून नमाज झाली. वुजूचे पाणी घरून नेले होते. प्रेषित (स.) एका मुदभर पाण्यात वुजू करत. घरी नळ सोडून वुजू करणाऱ्या आमच्या मधल्याला एका बाटलीत वुजू करताना घाम फुटला. अंतर काही कसरचे नाही, त्यामुळे रकाती पूर्णच.

त्याच मोकळ्या जागेत आम्ही सावलीचा प्रयोग केला. तीस सेंटिमीटर उंची जमिनीवर राहील अशी एक सरळ काडी रोवली. सावली आखूड होत होत साडेबाराच्या आधी बावीस सेंटिमीटरवर आली आणि पुन्हा वाढू लागली. मुले पोटावर झोपून पट्टीने मोजत होती. "हाच जवाल," एवढेच सांगितले. पुढे गंमत आली ती असरची. आमचे माहेर कोकणातले, म्हसळ्याकडचे, मसलक शाफई. सासर हनफी. घरात दोन असर आहेत, हे मुलांना जन्मापासून माहीत, पण का, हे माहीत नव्हते. दुपारच्या बावीसमध्ये काडीची उंची एकदा मिळवली की बावन्न, तिथे शाफई असर. दोनदा मिळवली की ब्याऐंशी, तिथे हनफी. मुलांनी जमिनीवर दोन रेघा ओढल्या. सावली पहिल्या रेघेवर आली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. दुसरी गाठायला आणखी पाऊण तास लागला. थोरली म्हणाली, "म्हणजे भांडण नाहीच. एकच सावली आहे." अम्मींनी दुसऱ्या रेघेची वाट पाहिली. आम्ही पहिलीवरच उरकून चहा ओतला.

काही गोष्टी निघणाऱ्यांसाठी. बुरखा घालून रानात चालता येते, फक्त घेर करवंदीच्या काट्यांत अडकतो. थोरलीने तो सेफ्टी पिनने घोट्यापर्यंत वर घेतला होता. पायात चपला नकोत, बूट हवेत, आणि बायकांनाही हवेत. आपल्याकडे बूट फक्त मुलांना घेतले जातात. लवकर निघावे, पक्षी सकाळचेच. एप्रिल-मेमध्ये उकाड्याने जीव जातो, पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. स्पीकर नेऊ नये, नात लावायचा असला तरी नाही. आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्यांच्या चालीने चालावे. किल्ला राहिला तर राहू द्यावा.

परत येताना मगरिब पनवेलला झाली. मुंब्र्याला पोहोचलो तेव्हा चारही मजल्यांवरची स्टुले शेजाऱ्यांनी जागेवरच ठेवली होती. तिसऱ्या मजल्यावर अम्मी जरा जास्त वेळ बसल्या. आम्हाला वाटले गुडघे फारच दुखतात, म्हणून थर्मासमधला उरलेला चहा काढला. चहा घेत त्यांनी विचारले, "वो किहीम बोले थे ना तुम, वहाँ समंदर है? सीढ़ियाँ तो नहीं होंगी."