'डीम्ड' म्हणजे उजेड कमी?

बारावीचा निकाल लागला आणि भाचीसाठी एका संस्थेतून फोनावर फोन सुरू झाले. "आमची युनिव्हर्सिटी आहे, सीट लवकर बुक करा." रात्री दाजींचा मला फोन. "हे डिम विद्यापीठ काय असतं रे? तिथं उजेड कमी असतो का?"

हसलो खरा, पण मलाही धड सांगता येईना. मग बसून वाचून काढलं.

'डीम' म्हणजे मानणे. जे मुळात तसं नाही, पण कायद्याने तसं धरायचं. १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम ३ नुसार, विद्यापीठ नसलेल्या उच्च शिक्षण संस्थेला केंद्र सरकार विद्यापीठाचा दर्जा देऊ शकतं. मग ती स्वतःची पदवी देते. मराठीत याला 'अभिमत विद्यापीठ' म्हणतात.

यात कमीपणा काहीच नाही. बंगळूरच्या आयआयएससीला हा दर्जा १९५८ लाच मिळाला. पुण्याचं डेक्कन कॉलेज १८२१ चं, १९९० पासून अभिमत विद्यापीठ. नाव मात्र अजूनही कॉलेजच!

गोची दुसरीकडे आहे. 'युनिव्हर्सिटी' ठळक अक्षरात आणि 'डीम्ड टू बी' कंसात, मुंगीएवढं. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने या शब्दाच्या वापरावर बोट ठेवलं, तेव्हा यूजीसीने अशा संस्थांना नावातून 'युनिव्हर्सिटी' काढायला लावलं होतं. हल्ली नावाखाली 'डीम्ड टू बी युनिव्हर्सिटी' लिहायची मुभा आहे, पण फोनवर बोलणारा पोरगा तेवढं कशाला सांगतोय?

दाजींचा समज साधा होता. विद्यापीठ म्हणजे सरकारी, म्हणजे फी बेताची आणि स्कॉलरशिप मिळणारच. वर्षाची फी ऐकली तेव्हा दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे रान गहाण टाकावं लागंल." बाजूला भाची खाली मान घालून बसलेली.

शेवटी तिने जिल्ह्याच्या ठिकाणी बीएस्सीला प्रवेश घेतला. खूश आहे. पण प्रत्येक घरात विचारायला मामा असतोच असं नाही.

म्हणून मंडळी, पैसे भरण्याआधी तीनच गोष्टी विचारा. संस्था सरकारी, खासगी की अभिमत? चारही वर्षांची मिळून फी किती? आपल्याला लागू असलेली शासनाची फी सवलत तिथं चालते का? उत्तर लेखी मागा. आणि यूजीसीच्या वेबसाइटवरच्या यादीत नाव आहे का, ते स्वतः बघा.

शब्द इंग्रजी असला तरी सही आपण करतो, आणि हप्तेही आपणच फेडतो.