सुकाणूवरचा हात

विचुंब्याच्या मुलाने मोटारबोट चालविण्यावर लेख लिहावा, हे वाचून आमची मित्रमंडळी हसणार, हे मी धरूनच चाललो आहे. आमच्या गावाजवळून वाहते ती गाढी नदी. माथेरानच्या डोंगरांतून निघालेली ही नदी पावसाळ्यात पुलाशी दांडगाई करते आणि उन्हाळ्यात धड म्हशीच्या पोटालाही लागत नाही. पण हेच पाणी पुढे पनवेलच्या खाडीला मिळते, खाडी मुंबईच्या बंदराला मिळते, आणि त्या वाटेवर, न्हाव्याकडे, माझे आजोळ आहे. तिथे मामांची एक लहानशी फायबरची होडी आहे. तिच्या पाठीला मशीन टांगलेले. गेल्या दोन सुट्ट्यांत मी त्या होडीवर बिनपगारी खलाशी होतो.

तेथे पहिली गोष्ट समजली ती ही की, होडीला ब्रेक नसतो. मशीन बंद केले तरी ती आपल्या तंद्रीत पुढे जातच राहते. थांबवायची तर पंखा उलटा फिरवावा लागतो. तेवढ्यात वारा आणि पाण्याची ओढ आपापले काम करून घेतात. म्हणून धक्क्याला लागताना मामा नेहमी पाण्याच्या ओढीकडे तोंड करून येतात. मग पाणीच ब्रेकचे काम करते. माझा हात जरा जोरात फिरला की मागून आवाज येई, “हलू, बाला! दर्यान घाई नाय.”

दुसरी गोष्ट, होडी मागून वळते. मोटारीची पुढची चाके वळतात आणि बाकीची गाडी मुकाट्याने त्यांच्या मागे जाते. होडीत उलटा कारभार! मशीनचा दांडा डावीकडे ढकलला की मागची बाजू डावीकडे सरकते आणि नाळ उजवीकडे जाते. धक्का सोडताना एकदम वळण घेतले, तर मागचा भाग धक्क्यावर आपटलाच म्हणून समजा. याच नियमावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो. कुणी उजवीकडे पाण्यात पडला, तर होडीही उजवीकडेच वळवायची. ऐकताना हे वेडेपणाचे वाटते; पण त्यामुळे मागचा पंखा त्या माणसापासून दूर जातो. मग मशीन न्यूट्रलला टाकायचे, आणि माणूस जवळ आला की बंदच करायचे. चालवणाराच पडला तर? त्यासाठी मशीनच्या बटणाला एक दोरी असते, तिचे दुसरे टोक मनगटाला बांधायचे. माणूस गेला की दोरी निघते आणि मशीन बंद पडते.

तिसरी गोष्ट रस्त्यावरच्या माणसाला चक्रावून टाकणारी आहे. आपण रस्त्याने डावीकडून जातो. पाण्यावर मात्र उजवीकडून जावे लागते. समुद्रातील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. दोन यांत्रिक बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळावे. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिला दुसरी आपल्या उजव्या हाताला दिसते तिने वाट द्यावी. आणि सर्वांत साधा नियम असा की, डोळे व कान सतत उघडे ठेवावेत आणि वेळेत थांबता येईल इतक्याच वेगाने जावे.

पंचांगाचा उपयोगही मला होडीतच कळला. तिथीला तिनाने गुणून चाराने भागले की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, म्हणजे सकाळीही आणि संध्याकाळीही. ओहोटीला खाडीचे पाणी पाहता पाहता उतरते आणि चिखलात रुतलेल्या होडीला पुढची भरती येईपर्यंत तपश्चर्या करावी लागते. गणित न येणारा तांडेल मी अद्याप पाहिलेला नाही.

हे सारे एखाद्या हौशी माणसाचे कौतुक वाटले असते. पण १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. इंजिनाची चाचणी चालू असताना ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. दोन्ही बोटींवरचे मिळून पंधरा जण गेले. प्रवासी बोटीवर शंभरावर माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. त्या रात्री मामा जेवले नाहीत. सकाळी त्यांनी होडीतली सगळी जाकिटे काढून उन्हात घातली आणि एकेकाचा पट्टा ओढून पाहिला. तेव्हापासून जाकीट घातल्याशिवाय ते कुणालाही होडीत पाय ठेवू देत नाहीत. मग तो भाचा असो की पाहुणा म्हणून आलेला सरपंच. एकदा एक पाहुणे रागावून परत गेले. मामांनी त्यांना हसत हात केला आणि दोरी सोडली.

मला वाटते, सुकाणू धरणे म्हणजे होडी पळवणे नव्हे. पळवते ते मशीन; त्यासाठी माणसाची गरज नसते. माणूस लागतो तो वेग कमी करायला, वाट द्यायला, आणि वारा वाढला तर “आज नाही” म्हणायला. हा नकार देताना मामांना कधी कमीपणा वाटलेला मी पाहिला नाही. होडीतल्या माणसांना पोहता येते की नाही, हे ते आधी विचारतात. भाड्याची गोष्ट नंतर.

आम्हा विद्यार्थ्यांना वेगाचे भारी आकर्षण. ते असू द्यावे. वयाचा तो हक्कच आहे. फक्त आपल्या मागे बसलेली माणसे आपल्या हाताच्या भरवशावर बसलेली आहेत, एवढे लक्षात राहिले म्हणजे पुष्कळ झाले.