एका पतंगाची दोन नावे

या पतंगाकडे मुद्दाम पाहावे असे त्याच्यात काही नाही. रंग राखेचा, पंख पसरले तरी जेमतेम इंचभर, मादीच्या पुढच्या पंखांवर तीन पुसट ठिपके. दिव्यावर येणाऱ्या शंभर पाखरांत तो सहज हरवून जावा. परंतु माडाच्या मुलखात त्याची अळी ठाऊक नसलेला बागायतदार विरळा.

डिचोली तालुक्यातील आमच्या पाळी गावी एका उन्हाळ्यात भाटातील माडांची खालची चुडते होरपळल्यासारखी तपकिरी झाली. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी खाणीच्या धुळीला. पाडेल्याने एक चुडत तोडून खाली टाकले आणि पात उलटताच उलगडा झाला: रेशमी धागे आणि विष्ठेचे कण यांची लांबट नळी, आत काळ्या डोक्याची हिरवट अळी. पातीचा हिरवा गर ती खालून खरवडून खाते. वरचा पापुद्रा तेवढा राहतो आणि वाळतो.

नाव शोधू गेलो, तर जुन्या ग्रंथांत ‘नेफँटिस सेरिनोपा’, नव्यांत ‘ओपिसिना अरेनोसेला’. कीड मात्र एकच! ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहावर काम करणाऱ्या फ्रान्सिस वॉकरने १८६४ साली दुसरे नाव दिले होते. वॉकर घाईने नावे ठेवतो अशी त्याच्यावर टीका असे. पुढे १९०५ साली एडवर्ड मेरिक या इंग्रज शाळामास्तराने पहिले नाव दिले, आणि बागायतीच्या पुस्तकांत तेच दीर्घकाळ रुळले. अखेर दोन्ही एकच ठरल्यावर जुन्या नावाचा मान, या नियमाने वॉकरचे नाव कायम झाले. कुळाचाही घोळ आहेच. कोणी ते झायलोरिक्टिडी मानतो, कोणी ओइकोफोरिडी.

“नाव कळून माड वाचतो काय रे?” असे आबाकाकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. पण एकच नाव ठाऊक असणाऱ्याला या अळीविषयीच्या नोंदींपैकी निम्म्याच सापडतात, आणि उपाय उरलेल्या निम्म्यात असू शकतो. किडलेली चुडते तोडून जाळावीत, हे काकांना कोणी सांगावयास नको होते. बारीक काळ्या गांधीलमाशीची गोष्ट मात्र त्यांना नवी होती. ती अळीला डंख मारून निश्चल करते, तिच्यावर अंडी घालते आणि पिलांची राखणही करते. प्रयोगशाळेत वाढवून तिला बागांतून सोडतात.

तिचे नाव गोनिओझस नेफँटिडिस. पतंगाचे मेरिकने दिलेले नाव मागे पडले, तरी या माशीच्या नावात ते अजून तसेच आहे.