तीन नांगर, एक घोडा

६ एप्रिल, ट्रेंटन
नव्या कंत्राटावर रुजू झाले. काम नेहमीचंच: सरकारी खात्याच्या जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नेऊन बसवायच्या, आणि एकाच माणसाच्या तीन नोंदी निघाल्या की खरी कुठली ते शोधत बसायचं. एडिसनहून गाडी, पुढे थोडी पायपीट. स्टेट हाउसचा सोनेरी घुमट लांबूनच दिसतो. ही इमारत १७९२मध्ये बांधायला घेतली. तेव्हापासून तिच्यात भर पडतच आली आहे, त्यामुळे कुठली भिंत कुठल्या शतकातली ते चटकन कळत नाही.

गळ्यातल्या ओळखपत्रावर न्यू जर्सीची राजमुद्रा आहे. दारांवर, पत्रांवर, झेंड्यावरही तीच. या राज्यात चौदा वर्षं राहून आज पहिल्यांदा नीट पाहिली. मधे निळी ढाल, ढालीवर एकाखाली एक तीन नांगर. वर शिरस्त्राण आणि त्यावर घोड्याचं डोकं. एका बाजूला हातात काठी घेतलेली स्वातंत्र्यदेवता, दुसरीकडे धान्याची रोमन देवता सिरीस, तिच्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग. खाली ब्रीद, ‘स्वातंत्र्य आणि समृद्धी’, म्हणजे एका परीने त्या दोघींची नावंच. आणि साल १७७६.

स्वातंत्र्यदेवतेच्या काठीवर एक टोपी अडकवलेली आहे. आधी मला ती घंटा वाटली. रोममध्ये गुलामाला मुक्त करताना घालत ती ही टोपी. मुद्रा १७७७ची. न्यू जर्सीत त्या वेळी हजारो गुलाम होते. गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा १८०४मध्ये आला, उत्तरेकडच्या राज्यांत सगळ्यात शेवटी, आणि तोही कसा, तर ४ जुलै १८०४ नंतर जन्मलेल्या मुलांपुरता. मुलगी एकविसाव्या वर्षी सुटणार, मुलगा पंचविसाव्या. तोवर आईच्या मालकाकडे राबायचं. आईला तर काहीच नाही. १८६०च्या खानेसुमारीतही इथे अठरा गुलाम नोंदलेले आहेत. टोपी तेव्हाही मुद्रेवर होतीच.

१२ एप्रिल, पर्थ अँबॉय
लेकीच्या चौथीच्या वर्गाला राज्याचा इतिहास आहे. त्या निमित्ताने प्रोप्रायटरी हाउस पाहायला गेलो. शेवटचा ब्रिटिश गव्हर्नर विल्यम फ्रँकलिन इथे राहायचा. बेंजामिन फ्रँकलिनचा हा मुलगा राजाच्या बाजूने राहिला, १७७६मध्ये पकडला गेला, आणि बापलेकांचं पुढे कधी जमलं नाही. लेकीला तेवढंच आवडलं. मला गोडी लागली ती जमिनीच्या भानगडीची.

इंग्लंडच्या राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क. त्याने जून १६६४मध्ये हडसन आणि डेलावेअर या नद्यांमधला मुलूख बर्कली आणि कार्टरेट या दोन सरदारांना देऊन टाकला. तेव्हा इथे डचांचा अंमल होता. इंग्रजांची गलबतं अजून येऊन पोचायची होती! न्यू अॅम्स्टरडॅम पडलं सप्टेंबरात. कार्टरेटने यादवी युद्धात जर्सी बेट राजासाठी लढवलं होतं, म्हणून त्या बेटाचं नाव या मुलुखाला मिळालं.

आता खरी गंमत. जिंकून आलेला निकल्स इथला कारभार पाहत होता, आणि वर लंडनमध्ये काय लिहून झालंय याचा त्याला पत्ता नव्हता. त्याने काही वसाहतवाल्यांना इथल्या मूळ लेनापे लोकांकडून जमीन विकत घ्यायची परवानगी दिली. ऑक्टोबरात खरेदीखत झालं: वीस वाव कापड, दोन शिवलेले कोट, दोन बंदुका, दोन किटल्या, शिशाच्या दहा कांबी, वीस मुठी बंदुकीची दारू, आणि पुढे वर्षाने चारशे वाव पांढऱ्या शिंपल्यांच्या माळा. मूठ कोणाची, ते लिहिलेलं नाही. ज्यांच्याकडून घेतली त्यांच्या मते जमीन विकायची म्हणजे वापरू द्यायची की कायमची सोडायची, हा प्रश्न तर कोणाच्या डोक्यातही आला नसावा. पुढच्या वर्षी सरदार कार्टरेटचा नातलग फिलिप कार्टरेट गव्हर्नर होऊन उतरला. पाहतो तर जमिनीवर आधीच माणसं बसलेली. तो म्हणाला, एकरी अर्धा पेनी खंड भरा. ते म्हणाले, आम्ही मूळ मालकांना पैसे मोजलेत, तुम्हाला कशाचे? एका गटाला दोन सातबारे, आणि दोन्ही खरे. १६७२मध्ये बंड झालं. १७४५मध्ये मालकमंडळींनी कोर्टात दावा लावला. तो निकाली निघायच्या आतच क्रांती झाली.

बर्कलीने मधेच, १६७४मध्ये, आपला वाटा हजार पौंडांना क्वेकर पंथाच्या मंडळींना विकला. १६७६मध्ये पूर्व जर्सी आणि पश्चिम जर्सी अशी फाळणी झाली. १७०२मध्ये दोन्ही राजसत्तेच्या ताब्यात जाऊन एक झाल्या, पण विधानसभा बरीच वर्षं आलटूनपालटून पर्थ अँबॉय आणि बर्लिंग्टनला भरायची. आजही राज्याचा उत्तर भाग न्यूयॉर्ककडे तोंड करून बसतो आणि दक्षिण भाग फिलाडेल्फियाकडे. पूर्व जर्सीच्या मालकांचं मंडळ विसर्जित झालं १९९८ साली. पश्चिमेचं बर्लिंग्टनला अजून आहे.

नोंदी जुळवण्याच्या धंद्यातली बाई मी. सोमवारी ऑफिसात कोणी म्हणालं की तीन महिन्यांत घोळ निस्तरू, तर मी आता हसणार.

२१ एप्रिल
शेजारच्या गृहस्थांनी हिरवळीवर तणनाशक मारलं. तण म्हणजे जांभळे व्हायोलेट. हेच राज्यपुष्प! १९१३मध्ये विधिमंडळाने ठराव केला, पण कायद्याचा शिक्का बसला १९७१ साली, बागकाम मंडळांच्या बायकांनी नेट लावल्यावर. आमच्याकडे तणनाशक नाही. तत्त्व वगैरे काही नाही, आळस. त्यामुळे आमचं अंगण देशभक्त दिसतंय.

२६ एप्रिल, हॅडनफील्ड
दीड तास गाडी हाकून गेलो, ते लेकीच्या डायनासोरसाठी. गावात त्याचा काशाचा पुतळा आहे, मुलं शेपटीवर चढतात. या भागात जमिनीखाली हिरवट मार्ल माती. शेतकरी ती खणून खत म्हणून शेतात घालत. जॉन हॉपकिन्स नावाच्या शेतकऱ्याला १८३८च्या सुमारास अशाच खड्ड्यात मोठाली हाडं सापडली. त्याने ती घरी ठेवली, आल्यागेल्याला देऊनही टाकली. वीस वर्षांनी, १८५८मध्ये, शेजारी राहायला आलेल्या विल्यम फोकच्या कानावर ते गेलं आणि त्याने खड्डा पुन्हा खणवला. फिलाडेल्फियाच्या जोसेफ लायडीने नाव ठेवलं हॅड्रोसॉरस फोकाय. पुढचे पाय आखूड, मागचे लांब, म्हणजे हा प्राणी मागच्या पायांवर उभा राहू शकत असणार, हे लायडीने हाडांवरून ताडलं. १८६८मध्ये फिलाडेल्फियात तो उभा केला. जगात डायनासोरचा सांगाडा असा जोडून मांडला गेला तो पहिल्यांदाच. कवटी मात्र मिळाली नव्हती, ती अंदाजाने घडवून बसवली. नाव लागलं फोकचं. खड्डा हॉपकिन्सचा.

१९९१मध्ये हा राज्याचा डायनासोर झाला, एका शिक्षिकेने आणि तिच्या विद्यार्थ्यांनी पिच्छा पुरवला म्हणून. मधमाशीही (१९७४) शाळकरी मुलांनीच ट्रेंटनला जाऊन मंजूर करून आणली. घोडा १९७७चा, तोही मुलांचाच. ब्लूबेरीही मुलांचीच. मुद्रेचे नांगर मोठ्या माणसांनी ठरवले आणि बाकीचं प्राणिसंग्रहालय पोरांनी भरलं, असं दिसतं. ‘मग मी काय मागू?’ लेक विचारते. नवरा म्हणाला, टर्नपाइक महामार्गावरचा खड्डा. इतका अस्सल जर्सीचा की एकमताने पास होईल.

याच गावात इंडियन किंग टॅव्हर्न आहे. ब्रिटिश फौजांच्या भीतीने १७७७मध्ये विधिमंडळ गावोगाव हिंडत होतं, ते या खानावळीत बसलं. मुद्रा इथे मंजूर झाली, आणि त्याच वर्षी सरकारी कागदांतला ‘वसाहत’ शब्द खोडून ‘राज्य’ लिहायचं ठरलं. चित्र काढलं जिनिव्हाहून आलेल्या पियेर द्यू सिमितियेरने. माडीवरची खोली आमच्या ऑफिसच्या बैठकीच्या खोलीपेक्षा फार मोठी नाही. खिडक्या बसक्या, फळ्या करकरतात. राजाशी वैर घेऊन पळत असलेली माणसं इथे बसून घोड्याचं तोंड कुठल्या बाजूला असावं याची चर्चा करत होती, हे मला तिथल्या सगळ्या माहितीफलकांपेक्षा जास्त पटलं.

७ मे
राज्याचा एक अधिकृत जिवाणूही आहे: स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस, २०१९पासून. ओरेगनने आपल्याआधी यीस्टला हा मान दिला होता, पण बीअरसाठी. आपला जिवाणू क्षयावरचा.

‘स्ट्रेप्टो’ हा शब्द मला इंग्रजी येण्याआधीपासून माहीत आहे. नाशिकला वाड्यात खालच्या खोलीतल्या काकांना त्याची इंजेक्शनं चालू होती. कंपाउंडर सायकलवरून यायचा आणि आम्हा पोरांना अंगणात पिटाळलं जायचं. ते औषध आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, रटगर्स विद्यापीठाच्या शेतकी कॉलेजात सापडलं, हे आत्ता कळतंय. १९४३ साल, तळघरातली प्रयोगशाळा, तेवीस वर्षांचा अल्बर्ट शात्झ आणि खत घातलेल्या शेतातली माती. त्याचे प्राध्यापक सेल्मन वाक्समन. १९४४च्या निबंधावर तीन नावं आहेत: शात्झ, एलिझाबेथ ब्यूजी, वाक्समन. पेटंटवर दोन. नोबेलवर, १९५२मध्ये, एक. शात्झने कोर्टात जाऊन सहसंशोधक म्हणून मान्यता आणि पैशांतला वाटा मिळवला. ब्यूजी कोर्टात गेली नाही. तुझं लग्न होईल, मूलबाळ होईल, पेटंटवर नाव नसलं म्हणून काय बिघडतं, असं तिला सांगण्यात आलं होतं, अशी आठवण तिने पुढे मुलींना सांगितली.

१६ मे
लेकीचा तक्ता संपला. राज्यगीताची चौकट रिकामीच, कारण या राज्याला अधिकृत गीतच नाही. १९७२मध्ये एक गाणं विधिमंडळात पास झालं होतं, गव्हर्नरने सही केली नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘बॉर्न टू रन’ मधे चर्चेत होतं. ते गाणं गाव सोडून पळून जाण्याचं आहे, हे कोणाच्या तरी उशिरा लक्षात आलं असावं. गाड्यांच्या पाट्यांवर ‘गार्डन स्टेट’ लिहायचा कायदा १९५४मध्ये झाला, तोही गव्हर्नर मेनरचा नकार डावलून. त्यांचं म्हणणं होतं की शेती ही काही राज्याची एकमेव ओळख नाही. माणूस बरोबर होता आणि हरला.

२४ मे, रस्ता २०६
समुद्रावर जाताना वाटेत इंडियन मिल्स लागलं. पाइनची झाडं, वाळू, एक शाळा. १७५८मध्ये इथे लेनापे लोकांसाठी सुमारे तीन हजार एकर राखून ठेवले होते, ब्रदरटन नावाने. त्या बदल्यात त्यांनी बाकीच्या जमिनीवरचे हक्क सोडले, मात्र दक्षिणेकडच्या मोकळ्या रानात शिकार आणि मासेमारीचा हक्क राखला. १८०१मध्ये तेही एकर विकायला काढले आणि उरलेले लोक न्यूयॉर्ककडे गेले. आणखी तीस वर्षांनी, तोवर विस्कॉन्सिनपर्यंत पोचलेल्या त्या जमातीतर्फे प्रिन्स्टनला शिकलेला बार्थोलोम्यू कॅल्विन हा लेनापे गृहस्थ ट्रेंटनला आला. वय सत्तरीच्या पुढे. म्हणाला, आमचा मासेमारीचा हक्क कोणी विकत घेतलेला नाही, त्याचे पैसे द्या. १८३२मध्ये विधिमंडळाने दोन हजार डॉलर दिले. त्याने आभाराचं पत्र लिहिलं: तुम्ही आमचं रक्त सांडलं नाहीत, आमच्या संमतीवाचून जमीन घेतली नाहीत. राज्याच्या जुन्या इतिहासकारांनी हे पत्र मोठ्या कौतुकाने छापलं. पैसे पदरात पडल्यावर सत्तरी ओलांडलेल्या माणसाने दुसरं काय लिहायचं होतं?

राज्याच्या चिन्हांत त्यांचं काही नाही. नद्यांच्या नावांत आहे: रॅरिटन, पसेइक, हॅकेन्सॅक. गाडीत लेकीने ती म्हणून दाखवली, चौथीत पाठ करून घेतात.

३० मे
प्राथमिक निवडणुकीची नमुना मतपत्रिका टपालाने आली. पाकिटावर नवऱ्याचं नाव. तो नागरिक झाला, माझा अर्ज अजून रांगेत. कर दोघांचा कापला जातो.

२ जुलै १७७६च्या राज्यघटनेने मताचा हक्क ‘सर्व रहिवाशांना’ दिला होता. सज्ञान, जिल्ह्यात वर्षभर वास्तव्य, पन्नास पौंडांची मालमत्ता. पुरुष असं लिहिलं नाही, गोरा नाही, नागरिकही नाही. नजरचुकीने राहिलं असेल म्हणावं, तर १७९०च्या कायद्यात सात जिल्ह्यांसाठी ‘तो किंवा ती’ असं स्वच्छ घातलं आणि १७९७मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. बायका मत देत होत्या, काही कृष्णवर्णीय आणि परदेशीही. मतदारयाद्यांत बायकांची नावं सापडली आहेत. म्हणजे मी बसते का? सज्ञान, बसते. वास्तव्य, बसते. परदेशी, चालेल. रंग, चालेल. पन्नास पौंड, असतील. पण लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची धरत, त्यामुळे मत अविवाहित आणि विधवा बायकांनाच. सगळं जमलं आणि मंगळसूत्रापाशी अडलं.

त्याचाही शेवट झाला एका कोर्टाच्या इमारतीपायी. फेब्रुवारी १८०७मध्ये एसेक्स जिल्ह्यात मतदान झालं: कोर्ट नेवार्कला बांधायचं की एलिझाबेथटाउनजवळ. दोन्हीकडे माणसं पुन्हापुन्हा मत देऊन आली, पुरुष लुगडी… म्हणजे झगे घालून आले म्हणतात, आणि मतं मतदारांपेक्षा जास्त भरली. निकाल रद्द झाला. त्याच वर्षी कायदा बदलून मत फक्त गोऱ्या, करदात्या, पुरुष नागरिकांना ठेवलं. गोंधळ घातला पुरुषांनी आणि नावं कापली बायकांची. पन्नास वर्षांनी ऑरेंज गावात बायकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या लूसी स्टोनने, घर तिच्या नावावर असूनही मत नाही म्हणून, कर भरायला नकार दिला, आणि जानेवारी १८५८मध्ये तिच्या घरातलं सामान लिलावात निघालं. १९१५मध्ये पुरुषांना विचारलं, बायकांना मत द्यायचं का? बहुमताने नाही म्हणाले.

येत्या मंगळवारी मतदान. नमुना मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर पसरून नवरा म्हणतो, ‘कोणाला द्यायचं ते तू सांग.’ सांगणार आहे. अगदी शेवटच्या जागेपर्यंत.